ढोलाविना ताशा

रॉक आणि मेटलच्या भक्तमंडळींत एक अलिखित शिस्त आहे. एखादा अल्बम 'क्लासिक' ठरला की त्यातल्या गिटारच्या आवाजाबद्दल वाकडं बोलायचं नाही. गाणी थोर, रिफ (गिटारवर पुन्हापुन्हा वाजणारी छोटी सुरावट) थोर, म्हणून टोनही थोर. कुणी चुकून बोललंच तर "तुझी सिस्टीम खराब असेल" हे उत्तर तयार. मला ही शिस्त कधी जमली नाही. ज्या अल्बमांवर माझा जीव आहे त्यांतल्या बऱ्याच अल्बमांची गिटार ऐकताना मी आजही तोंड वाकडं करतो, आणि तरी पुढच्या आठवड्यात तेच अल्बम पुन्हा लावतो.

सगळ्यात मोठ्या गुन्हेगारापासून सुरुवात करू. मेटालिका या मेटल बँडचा 'अँड जस्टिस फॉर ऑल', साल १९८८. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या आमच्यासारख्या पोरांपर्यंत तो आला भरून घेतलेल्या कॅसेटवर. मेन रोडजवळच्या एका गल्लीत एक दुकान होतं. कोरी कॅसेट आणि यादी दिली की दोन-चार दिवसांत गाणी भरून मिळायची. दुकानदाराला किशोरकुमार आणि मेटालिका सारखेच. दोघांनाही तो बेस पूर्ण, ट्रेबल पूर्ण लावून भरायचा. आणि इतकं करूनही या कॅसेटवर बेस नव्हताच.

मित्राच्या टू-इन-वनसमोर बसून आम्ही यावर जे वाद घातले ते आज आठवले तरी हसू येतं. एका पक्षाचं म्हणणं, कॅसेटवरून कॅसेट, त्यावरून आणखी कॅसेट, बेस वाटेतच गळाला. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, हेड घाण झालंय. मग कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसून झालं. हेडशेजारचा तो बारीक स्क्रू पाव वेढा इकडे, पाव वेढा तिकडे फिरवून झाला. त्यानं ट्रेबल वरखाली व्हायचा, बेस काही उगवायचा नाही. पुन्हापुन्हा कॉपी केलेल्या कॅसेटवर आधी मरतो तो वरचा चकाकता भाग, खर्ज बराच टिकतो, हे ज्ञान तेव्हा आमच्या गटात कुणाकडेच नव्हतं. पुढे एकाचा मोठा भाऊ, जो पंचवटी एक्सप्रेसनं रोज मुंबईला जायचा, त्यानं सीडी आणली आणि दोन्ही पक्ष एकदमच आडवे झाले. बेस सीडीतही नव्हता.

त्या अल्बमवरची गिटार कोरडी आहे, टोकदार आहे, आणि मधोमध पोकळ आहे. पोकळ म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण सगळं भांडण तिथेच आहे. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. बेस गिटारची सगळ्यात जाड तार त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, ४१ हर्ट्झला. दुसरीकडे, गिटार अँपचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाही. म्हणजे गिटारचं घर मधल्या पट्टीत आहे, साधारण जिथे माणसाचा आवाज असतो तिथेच. आता मेटालिकाचा गिटारवाला जेम्स हेटफिल्ड ज्या मेसा बूगी मार्क टू-सी-प्लस अँपवर वाजवायचा, त्या मालिकेत पाच पट्ट्यांचा इक्वलायझर मिळायचा: ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ. दोन्ही टोकं वर आणि मधली ७५० ची पट्टी खाली ओढली की इंग्रजी 'व्ही'चा आकार होतो. एकट्यानं वाजवताना हा आवाज राक्षसी वाटतो. खाली गडगडाट, वर करवत. पण त्यात गिटारचं स्वतःचं घरच रिकामं केलेलं असतं. खालचा गडगडाट खरं तर बेसच्या हद्दीतला, वरची करवत झांजांच्या हद्दीतली. बेस आणि ड्रम आले की दोन्हीकडून मार बसतो आणि गिटार जाते कुठे ते कळत नाही.

यावर जस्टिसमध्ये उपाय काय काढला? बेसच काढून टाकला. बेस वाजवणारा जेसन न्यूस्टेड तेव्हा नवा होता. क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी आलेला. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवण्याचं काम, करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसननं पुढे मुलाखतींत सांगितलंय की बेस जेमतेम ऐकू येईल इतका खाली घ्या असं ड्रमर लार्स उलरिकनं सांगितलं, आणि तो घेतल्यावर अजून खाली घ्या असंही. मिक्सिंगच्या काळात बँड दौऱ्यावर होता. रोज तोफखान्यासमोर उभं राहून आलेल्या कानांनी घेतलेले हे निर्णय. २०१८ मध्ये अल्बमची भपकेदार नवी आवृत्ती आली तेव्हाही त्यांनी बेस वर केला नाही. आता तो इतिहास झाला म्हणे. (याच अल्बमला डावलून १९८९ चा हार्ड रॉक आणि मेटलचा पहिलावहिला ग्रॅमी जेथ्रो टल या बँडला दिला गेला, ज्याचा म्होरक्या बासरी वाजवतो. त्यावर मेटलवाले अजून चिडतात. मला मात्र कधीकधी वाटतं, परीक्षकांपैकी एखाद्यानं बेस शोधून पाहिला असेल.)

हा आवाज मला इतका ओळखीचा का वाटायचा, याचं कारण नाशिकमध्येच होतं. आमच्या वेळच्या कॉलेज बँडांत बेसवादक हा प्राणी दुर्मीळ. बेस गिटार महाग, घरी एकट्यानं वाजवली तर वडील विचारणार हे काय चाललंय, आणि स्टेजवर कुणाचं लक्ष जाणार नाही ते वेगळंच. त्यामुळे दोन गिटार, एक ड्रमर, एक गायक, आणि नशीब असेल तर कीबोर्डवाल्याचा डावा हात, झाला बँड. प्रत्येकाकडे एक स्वस्तातला प्रोसेसर, त्यात 'मेटल' नावाचा तयार आवाज, आणि मिडचं, म्हणजे मधल्या पट्टीचं, बटण शून्यावर. गॅदरिंगच्या आदल्या रात्री खोलीत जो आवाज ऐकून स्वतःच्याच अंगावर काटा यायचा, तोच दुसऱ्या दिवशी पटांगणावरच्या भोंग्यांतून आला की नुसती चरचर उरायची. पुढच्या रांगेतली पोरं मान हलवायची ती ड्रमवर. रिफ कोणती चाललीय ते त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून ओळखावं लागायचं.

खरं म्हणजे हे गणित आम्हाला गणपतीतच कळायला हवं होतं. नाशिक ढोलाचं नाव मुंबई-पुण्यातच नाही, थेट केरळातही आहे, तिथे याच नावानं पथकं वाजतात. ढोलाला एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप, आणि ती थाप कानांआधी पोटात लागते. पुढे ताशाच्या दोन बारीक काड्यांचा कडकडाट. मिरवणुकीत ताशेवाल्याच्या अगदी जवळ उभं राहून ऐका. मागचे ढोल एकदम थांबले की ताशा तोच, हात तेच, जोर तोच, पण त्याच्याखालची जमीन कुणीतरी काढून घेतल्यागत वाटतं. डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाची, गिटार म्हणजे ताशा. आपण अल्बम ऐकताना "काय गिटार आहे!" म्हणतो तेव्हा आपल्या पोटात गेलेला असतो तो बेस.

हे नुसतं माझं मत नाही, याचा एक चक्क प्रयोगच झालेला आहे, आणि तोही नकळत. गायक ऑझी ऑस्बोर्नचे स्वतःच्या नावाचे पहिले दोन अल्बम, १९८० चा 'ब्लिझार्ड ऑफ ऑझ' आणि १९८१ चा 'डायरी ऑफ अ मॅडमन'. दोन्हींवर रँडी रोड्सची गिटार. मूळ बेसवादक बॉब डेझली आणि ड्रमर ली कर्सलेक यांच्याशी पैशांवरून आणि श्रेयावरून वाद पेटला आणि २००२ च्या आवृत्तीत या दोघांचं वाजवणं पुसून त्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून नव्यानं वाजवून घेतलं गेलं. दोघेही कसलेले. गिटार मात्र रोड्सचीच, तो १९८२ मध्येच विमान अपघातात गेलेला, त्यामुळे ती बदलणं शक्यच नव्हतं. आणि तरीही त्या आवृत्तीतली गिटार वेगळी वाटते! तारा त्याच, बोटं तीच, टेपवरचा आवाज तोच, पण सगळं कसं परक्या घरात बसल्यासारखं. लोकांनी इतका आरडाओरडा केला की २०११ च्या आवृत्तीत मूळ वाजवणं परत आणावं लागलं. टोन गिटारवाल्याच्या बोटांत असतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी या दोन आवृत्त्या पाठोपाठ ऐकायला लावतो.

मग दोष पैशांचा का? तंगीत केलेले अल्बम पातळ आणि श्रीमंतीत केलेले भरदार, असा हिशेब मांडावासा वाटतो खरा. मेगाडेथ या बँडचा १९८५ चा पहिला अल्बम त्याला साक्ष द्यायला तयारच आहे. कंपनीनं आठ हजार डॉलर दिले, त्यातले बरेचसे पोरांनी नशापाण्यावर उडवले, निर्मात्याला पैसे उरले नाहीत म्हणून स्वतःच निर्मिती केली. गिटार ऐकून ते सगळं कळतं. पण मग ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम आडवा येतो. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका छोट्या स्टुडिओत जवळपास एका दिवसात वाजवून मोकळे झाले, १९७० च्या फेब्रुवारीत तो बाजारात आला, आणि आज इतक्या वर्षांनी त्यातली गिटार भिंतीतून येते. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात, तेही नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनखाली तुटली. त्यानं प्लॅस्टिक वितळवून टोप्या बनवल्या, त्यावर चामडं लावलं, हलक्या तारा शोधल्या. आमच्या सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत वडील नोकरीला असलेल्या घरांत ही गोष्ट वेगळ्याच प्रकारे ऐकली जायची. प्रेसवर बोट गेलेला एखादा काका प्रत्येकाच्या गल्लीत होताच. आयोमीची गोष्ट सगळे सांगतात, पण त्याच्या रिफला खालून जवळजवळ सुरासुराला चिकटून वाजणाऱ्या गीझर बटलरच्या बेसचं नाव त्या गोष्टीत क्वचित येतं.

आणि हेच दोघे १९८३ मध्ये 'बॉर्न अगेन' करतात. गायक इयन गिलन, डीप पर्पलचा. ऑक्सफर्डशरमधला नामांकित स्टुडिओ. हाताशी आयुष्यभराचा अनुभव. आणि आवाज असा की स्पीकरवर कुणी सोलापुरी चादर टाकली असावी. रिफ चांगल्या आहेत हो! म्हणूनच जास्त राग येतो. जस्टिसचा आवाज वाईट आहे, पण तो कुणीतरी हट्टानं तसा केलेला आहे. त्या हट्टाशी भांडता येतं. बॉर्न अगेनमध्ये भांडायला समोर कुणी नाही. माणसं तीच, पैसे जास्त, आणि शेवटी काय बाहेर पडतंय ते कुणीतरी नीट ऐकून नको म्हणायला हवं होतं, ते म्हटलं गेलं नाही.

काही वेळा फॅशन नडते. जूडस प्रीस्टनं १९८६ मध्ये 'टर्बो'त गिटार सिंथेसायझर वापरले. दोन गिटारींची ती पोलादी जोडी, जिच्यासाठी आम्ही हा बँड ऐकायचो, तिच्यावर त्या काळचा चकचकीत रंग फासला गेला. रश या बँडच्या १९८२ च्या 'सिग्नल्स'वर कीबोर्डांनी गिटारवाल्या अॅलेक्स लाइफसनला कोपऱ्यात ढकललं, आणि ही तक्रार त्यानं स्वतःच पुढे केलेली आहे. याउलट डेफ लेपर्डच्या १९८७ च्या 'हिस्टेरिया'ला शिव्या घालायला मी तयार नाही. त्यातली गिटार छोटी आहे, प्लॅस्टिकची आहे, टॉम शोल्झनं बनवलेल्या रॉकमन नावाच्या हेडफोन अँपमधून बरीचशी आलेली आहे, आणि निर्माता मट लँगनं काही कॉर्ड तर एकेक तार वेगळी वाजवून रेकॉर्ड करून घेतल्या. मला तो टोन आवडत नाही. पण त्या गाण्यांत तो जिथे बसवायचा होता तिथे बरोबर बसलाय, तेव्हा निराशा वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

पुढे सीडीच्या जमान्यात नवंच दुखणं आलं. सगळ्यांपेक्षा मोठा आवाज पाहिजे म्हणून मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सिंगनंतरच्या शेवटच्या टप्प्यात, आवाजाची शिखरं कापून सगळं सपाट वर नेऊन ठेवायचं. रशचा २००२ चा 'व्हेपर ट्रेल्स' यात इतका चेपला गेला की २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलकडून सगळा अल्बम पुन्हा मिक्स करून घेतला. मेटालिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'ची गंमत तर अशी, की 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली त्याची आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी आणि स्वच्छ निघाली. लोक गेममधून अल्बम काढून ऐकायला लागले. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननं हात वर केले: माझ्याकडे आलं तेव्हाच ते चेपलेलं होतं. इथे गिटारचा टोन मुळात वाईट नाहीच. त्याला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही.

हल्ली माझा भाचा आणि त्याचा बँड गंगापूर रोडच्या बाजूला एका तळघरात सराव करतात. अँप नाहीच, लॅपटॉप. जगातला कुठलाही अँप, कुठलाही स्पीकर, त्यापुढे मायक्रोफोन मधोमध ठेवायचा की कडेला, सगळं पडद्यावर. मला हेवा वाटतो, नाकारत नाही. एकदा ऐकायला बोलावलं म्हणून गेलो, तर मधल्या पट्टीत तोच जुना खड्डा. तीस वर्षांत यंत्रं बदलली, पोरांचा हात मिडकडे गेला की अजून खालीच जातो. बेस वाजवणारी मुलगी आहे त्यांच्यात, चांगली वाजवते. ती मला म्हणाली, "मामा, तुम्ही सांगा ना याला. माझी खालची जागा याची गिटार खाते, आणि वर ह्याचंच ऐकू येत नाही."

मी मिड वर केला, गेन (आवाज फाटवणारं बटण) निम्मा केला. भाचा हादरला. "मामा, तू हे एसी/डीसी करून ठेवलंस!"

मी म्हटलं, केलं तर केलं. एसी/डीसीचा माल्कम यंग जाड तारा आणि कमी गेन घेऊन वाजवायचा, आणि १९८० च्या 'बॅक इन ब्लॅक'एवढी मोठी गिटार दाखव मला. मग त्याला पँटेरा हा बँड दाखवला, तो जास्त पटला. त्यांचा गिटारवाला डाइमबॅग डॅरेल १९९० च्या 'काउबॉइज फ्रॉम हेल'वर रँडलचा ट्रान्झिस्टर अँप वाजवत होता, ज्या जातीच्या अँपला व्हॉल्व्हवाले नाक मुरडतात. आणि स्टॉकहोमच्या एंटूम्ड या बँडनं त्याच वर्षी 'लेफ्ट हँड पाथ'वर बॉस कंपनीच्या हेवी मेटल पेडलची सगळी बटणं पूर्ण उजवीकडे फिरवली. नियमानं बघितलं तर हा आवाज घाणेरडाच व्हायला हवा. पण मिडचा काटा काढलेला नव्हता, बेस त्याच्याबरोबर चिखलात उतरलेला होता, आणि त्यातून डेथ मेटलची एक आख्खी स्वीडिश शाखा उभी राहिली.

सध्या त्यांचा तीन गाण्यांचा डेमो तयार होतोय, आणि मिक्सिंग कोण करणार यावर सगळं अडलंय. भाचा म्हणतो गिटारवाल्यानं करावं, लॅपटॉप त्याचा आहे. ती म्हणते बेसवालीनं, कान तिचे बरे आहेत. ती बरोबर आहे, पण मी मामा असल्यामुळे गप्प बसलो. मग कुणीतरी म्हणालं, तिसऱ्याला देऊ, ड्रमरला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, आधी मेटालिकाचा २००३ चा 'सेंट अँगर' पूर्ण ऐकून या. त्यात स्नेअरखालच्या तारा सैल सोडल्यामुळे तो ड्रम भांड्यासारखा घणघणतो, गिटारी खाली उतरवलेल्या सुरात त्याच्यामागे लपतात, एकही सोलो नाही, आणि हे असं एक तास पंधरा मिनिटं चालतं. ड्रमर पोरगा जरा दुखावला. पण ऐकून आला, आणि आता तोच म्हणतोय, बेसवालीनंच करावं.